लाल दोऱ्याची कोंबडी

बटणमावशींना कशाची भीती वाटत नाही, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर शोधायला बराच वेळ लागला असता. मुलगा ट्रक घेऊन निघाला की अपघाताची भीती, ठरल्यापेक्षा लवकर परतला की नोकरी गेल्याची भीती. फोन वाजला तरी छातीत धस्स, दिवसभर वाजला नाही तरी धस्स. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मावशींच्या पाठीमागचा ब्रह्मराक्षस बायकामुलांसकट मुक्कामाला आला होता आणि जायचं नाव काढत नव्हता.

सुई हातात घेतली की मात्र हीच बाई वाघीण व्हायची. गल्लीच्या तोंडाशी टेलरचं दुकान होतं. तिथले शर्ट काज-बटणाला मावशींकडे यायचे. तीस वर्षं येत होते, म्हणून तर हे नाव पडलं. मेण लावलेला दोरा, तिहेरी गाठ, दातांनी तोडायचा आणि बटण एकदा जोरात ओढून बघायचं, ही त्यांची रीत. टेलर गिऱ्हाइकाला सांगायचा, "कापड फाटेल, बटण तुटणार नाही." मावशीही म्हणायच्या, "माझी गाठ सुटलेली दाखवा आणि खुशाल माझं नाव बदला." आयुष्यात त्यांनी मारलेली बढाई एवढी एकच, आणि तीही खरी होती. तीस वर्षांत दुकानातून एकही शर्ट परत आला नव्हता.

त्यांचा जीव अडकलेली दुसरी जागा म्हणजे परस. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पेरूचं एक झाड, कपडे वाळत घालायची तार आणि भिंतीला टेकून खुराडं. जुन्या कपाटाला जाळी ठोकून केलेलं. त्यात सात कोंबड्या. अंडी घरापुरती व्हायची, कधी शेजारी जायची. फायद्याचं म्हणाल तर सुनेने एकदा स्पष्टच विचारलं होतं, "आई, एवढी कणी आणि कोंडा आपणच खाल्ला असता तर स्वस्त नसतं का पडलं?" मावशी कणीचं भांडं उचलून परसात गेल्या. मुलगा महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, सून सकाळी आठला शाळेच्या कचेरीत जायची ती सहाला यायची. मधल्या वेळात ह्या घरात मावशींकडे वळून बघणारं कुणी असेल तर त्या सात जणी. दार वाजलं की धावत यायच्या. माणसं कुठे येतात?

पण त्यांच्या पायीच मावशींची झोप उडालेली असायची. त्यालाही कारण होतं.

पाच वर्षांपूर्वी ह्याच परसात अकरा कोंबड्या होत्या. एका सकाळी त्यातली काळी पाय ओढत चालायला लागली. मुरगळला असेल, असं म्हणून मावशींनी हळद लावली. दुसऱ्या दिवशी काळीची मान वाकडी झाली. मग आणखी चौघींची. आठवडा संपायच्या आत परसात एकही कोंबडी उभी नव्हती. मानमोडीची साथ आली होती. गुरांच्या दवाखान्यातला तेव्हाचा डॉक्टर दारातूनच म्हणाला, "पहिली लंगडली तेव्हाच तिला दूर करायची होती, बाई. बाकीच्यांना काही आशा तरी होती." एवढं बोलून तो सायकलवर बसून गेला. त्याला ते वाक्य त्याच दिवशी विसरायला झालं असेल. मावशींना ते रोज सकाळी आठवायचं.

वर्षभर खुराडं रिकामं राहिलं. मग हळूहळू तीन कोंबड्या आल्या, एक राखी, एक पांढरी आणि एक मानेवर पीस नसलेली, जिला सून 'साहेबीण' म्हणायची. पुढे शेजारच्या पाववाल्याच्या बायकोने चार पिल्लं दिली. मावशींनी सगळ्यांना लस टोचून आणली. पण कोंबडीला लस असते, भीतीला नसते. रोज सकाळी त्या खुराड्याची कडी काढायच्या आधी कान लावून ऐकायच्या. आतून कुरकुर आली की सुटकेचा श्वास, आणि मग एकेकीची चाल बघायच्या. एक, दोन, तीन... सातवी नीट चालत बाहेर आली की त्या दिवसाचा पहिला चहा घशाखाली उतरायचा.

पाववाल्याची बायको स्वभावाने चांगली, फक्त जिभेला हाड नाही. तिच्याकडे वीस-बावीस कोंबड्या होत्या आणि दोन घरांमधली भिंत मध्येच ढासळून गुडघ्याएवढी राहिली होती. कोंबड्यांना भिंतीचा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता. तिच्या इकडे, ह्यांच्या तिकडे, आणि दिलेली चारही पिल्लं तिच्या कोंबड्यांसारखीच विटकरी. रोज संध्याकाळी भिंतीवरून "ती माझी" आणि "ही माझी" सुरू व्हायचं.

"मावशी, तुमची कुठली ते कपाळावर लिहा तरी," पाववाली एकदा हसत म्हणाली.

मावशींना ते लागलं. पिल्लं तेव्हा दीड-दोन महिन्यांची, ओंजळीत मावतील एवढी. दुपारी त्यांनी सुईदोऱ्याचा डबा परसात आणला, एकेकीला मांडीवर घेतलं आणि उजव्या पायात बटणाचा दोरा बांधला. लाल, निळा, पिवळा, हिरवा. मेण लावून, तिहेरी गाठ मारून, आणि सवयीने एकदा ओढून बघून. चारही पिल्लांना नावंही आपोआप मिळाली: लाली, निळी, पिवळी, हिरवी. पाववालीने भिंतीवरून बघितलं आणि म्हणाली, "आता कुणाची बिशाद आहे!"

भांडण मिटलं. तीन महिन्यांत पिल्लं वाढून भरदार तलंगा झाल्या, पायांवर चिखल-माती चढली आणि दोरे दिसेनासे झाले. तोवर मावशी त्यांना चालीवरून, तुऱ्यावरून ओळखायला लागल्या होत्या. दोरे झडले असतील, असं त्या धरून चालल्या. ज्या बाईने तीस वर्षं गाठ सुटत नाही म्हणून मिरवलं, तिने ह्या चार गाठी सुटल्या असं कसं धरलं, हे तिलाच विचारायला हवं होतं. पण तेव्हा कुणी विचारलं नाही.

आणि मग एका सकाळी लाली बाहेर आली ती उजवा पाय ओढत.

मावशींच्या हातातून कणीचं भांडं पडलं. बाकीच्या सहा जणी सांडलेल्या कणीवर तुटून पडल्या आणि लाली मागे राहिली, एका पायावर तोल सावरत. मावशी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. सून कचेरीत जायला निघाली होती, तिने आतून विचारलं, "काय पडलं?"

"काही नाही ग. भांडं."

सांगायचं कुणाला आणि काय? पाववालीला सांगितलं तर दुपारपर्यंत गल्लीभर होईल. दवाखान्यात सांगितलं तर माणसं येतील आणि सगळ्याच कोंबड्या पोत्यात घालून नेतील. मागच्या महिन्यात कालव्यापलीकडच्या वस्तीत तसं झालं होतं, म्हणे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि तासाभरात तिथलं एकेक परसदार गप्प झालं. आणि नाही सांगितलं तर? तर मान वाकडी होईल, आधी हिची, मग सगळ्यांची, मग भिंतीपलीकडच्यांची. पहिली लंगडली तेव्हाच दूर करायची होती, बाई.

अकरा वाजता मावशींनी गोणपाट काढलं. हातांना सुनेच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. त्यांनी जन्मात कधी कोंबडी मारली नव्हती. खाटकाच्या दुकानावरून जातानाही त्या रस्ता बदलायच्या. लाली पळाली नाही. तिला वाटलं, उचलून घेतायत. मावशींनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, काही दिसू नये म्हणून. गोणपाट टाकलं, आतून मान चाचपली आणि डोळे मिटून पिरगळली. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. मग पेरूखाली कोपरभर खड्डा, त्यावर चुना, त्यावर माती, त्यावर दगड. पिशव्या जाळल्या. तोंडात पदराचा बोळा घालून त्या मोरीत रडल्या, आणि रडतानाही कान परसात होते, आणखी कुणी शिंकतंय का म्हणून.

संध्याकाळी पाववालीने भिंतीवरून विचारलं, "लाली दिसत नाही?"

"घारीने नेली," मावशी म्हणाल्या. तोंडातून शब्द इतके सहज आले की त्यांची त्यांनाच भीती वाटली.

"अगं बाई! एवढी मोठी तलंग घारीने उचलली?" पाववाली आभाळाकडे बघत म्हणाली आणि आपल्या कोंबड्या हाकायला लागली. सुनेलाही मावशींनी तेच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मावशींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. खुराडं तीनदा फिनाइलने धुतलं, इतकं की साहेबीण दोन दिवस आत जाईना. पाण्याचं भांडं रोज उकळत्या पाण्याने विसळायच्या. पाववाल्याच्या कोंबड्या भिंतीवरून आल्या की झाडू घेऊन धावायच्या. पाववालीला वाटलं, मावशी घारीच्या धसक्याने वेड्या झाल्या. जेवताना घास हातात तसाच राहायचा. एका शर्टाची बटणं त्यांनी उलट्या बाजूला लावली आणि मग उसवून पुन्हा लावली.

"आई, डोळे तपासून घेऊया का?" सून म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय," त्या म्हणाल्या. सहा कोंबड्या रोज नीट चालत बाहेर येत होत्या. आठ दिवस झाले, नऊ झाले. दहाव्या दिवशी मावशींनी स्वतःला समजावलं की आपण वेळेवर केलं, म्हणून वाचल्या. लालीच्या जिवावर सहा वाचल्या. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

अकराव्या दिवशी निळी लंगडली. तोच उजवा पाय.

पुन्हा गोणपाट. पुन्हा पिशव्या. सून गेलेली, गल्ली शांत. चष्मा काढून त्यांनी खिडकीत ठेवला आणि वळल्या तर निळी जागेवर नव्हती. ती लंगडत लंगडत खुराड्याशेजारच्या टोपलीत जाऊन बसली होती, आणि मावशी गोणपाट धरून उभ्या असतानाच उठली. टोपलीत अंडं होतं. तिचं पहिलं, लिंबाएवढं, टोकाला रक्ताचा डाग लागलेलं. निळीने आरडाओरडा करून सगळ्या परसाला बातमी दिली. मरणाऱ्या कोंबडीचा आवाज असा नसतो, एवढं मावशींना कळत होतं. पण काळीनेही मरायच्या आदल्या दिवशी अंडं दिलं नव्हतं का? दिलं होतं की नव्हतं? आठवेना. त्यांनी गोणपाट खाली टाकलं.

भिंतीपलीकडे पाववाली आपल्या कोंबड्यांना हाका मारत होती. मावशींच्या मनात आलं, रोग असला तर तो एव्हाना तिकडे गेलाय. ह्या बावीस जिवांना मी मारलं, आणि घारीचं नाव सांगितलं. त्यांनी पायांत चपला घातल्या आणि दाराला कुलूप न लावता निघाल्या. तीस वर्षांत कुलूप न लावता त्या पहिल्यांदाच बाहेर पडल्या.

गुरांच्या दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टरीण आली होती. ती एका म्हशीच्या मालकावर ओरडत होती. मावशी बाकावर टोकाला बसल्या, घाम पुसला आणि नंबर आल्यावर म्हणाल्या, "माझं काही नाही हो. माझ्या एका ओळखीच्या बाईंची कोंबडी लंगडते, त्यांचं विचारायला आले."

"मान वाकडी झालीय का?"

"नाही."

"शिंकते? हिरवट घाण?"

"नाही. मी... त्या म्हणत होत्या, काही नाही तसं. अंडंसुद्धा दिलं तिने आज."

डॉक्टरिणीने मावशींच्या मनगटाकडे बघितलं. प्लास्टिकची एक पिशवी अजून तिथे बांधलेलीच होती.

"चला," ती बॅग उचलत म्हणाली, "त्या ओळखीच्या बाईंचं घर दाखवा मला."

तोंडाला मास्क लावलेली डॉक्टरीण परसात शिरली तशी पाववाली भिंतीशी येऊन उभी राहिली, मागून पाववालाही, पिठाच्या हातांनी. पाववालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, काय झालं? रोग आहे का? खरं सांगा." मावशी पेरूच्या झाडाला धरून उभ्या राहिल्या. सगळं इथंच संपणार होतं; आधी सहा, मग बावीस, आणि मग ह्या गल्लीत तोंड दाखवणं.

डॉक्टरिणीने निळीला काखेत धरलं, डोळे बघितले, चोच उघडून बघितली. मग पाय हातात घेऊन त्यावरचा चिखल ओल्या कापसाने पुसला. नख्यांच्या वर, पायाच्या मध्यावर, सूज आली होती आणि सुजेच्या मधोमध एक खोल खाच होती. तिने बॅगेतून बारीक चिमटा आणि कात्री काढली.

"धरा हिला," ती म्हणाली. पाववाल्याने भिंत ओलांडून निळीला धरलं.

कात्री आत गेली, निळी किंचाळली, आणि चिमट्याच्या टोकाला काहीतरी बाहेर आलं. पू आणि रक्ताने माखलेलं, पण त्यातूनही रंग दिसत होता. निळा.

"हा दोरा कुणी बांधला?"

पाववालीची नजर मावशींकडे गेली. सगळ्यांना माहीत होतं.

"कोंबडी वाढली, दोरा नाही वाढला," डॉक्टरीण म्हणाली. "आत आत रुतत गेला. गाठ बघा कसली आहे, मला सोडवता आली नाही, कापावी लागली. रोगबिग काही नाही, आजी. चार दिवस मलम लावा, पळायला लागेल."

पाववाली आधी रडली आणि मग हसायला लागली. "काय हो मावशी! माझा जीव गेला होता की! बटण समजलात का पायाला?" पाववालाही हसला. सगळ्या परसाचा जीव भांड्यात पडला. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

"आणखी कुणाला बांधलेत?" डॉक्टरिणीने विचारलं.

पिवळीला धरलं, दोरा रुतायला लागला होता, कापला. हिरवीचा जरा सैल होता, तोही कापला. तीन दोऱ्यांचे तुकडे तिने कापसावर ठेवले. "झालं? सगळ्यांचे निघाले?"

"चार होत्या," पाववालीनेच सांगितलं. "चौथीला घारीने नेली बिचारीला."

आता काही बोलायची गरज नव्हती. घारीची गोष्ट पक्की झाली होती, सगळ्यांनी मानली होती, आणि रोगही नव्हता. जन्मभर भीत आलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच कशाचीच भीती उरली नव्हती. मावशींनी पेरूखालच्या दगडाकडे बघितलं.

"घारीने नाही नेली," त्या म्हणाल्या. "मी मारली. ती पण अशीच लंगडत होती. मला वाटलं, मानमोडी. मी तिचा पाय बघितलासुद्धा नाही. चष्मा काढून ठेवला होता."

पाववालीचं हसू ओठांवरच थांबलं. ती म्हणाली, "आणि खरंच मानमोडी असती तर, मावशी? माझ्या बावीस जणी तुमच्या भांड्यात पाणी पीत होत्या. तुम्ही मला घार सांगितलीत."

पाववाली आत गेली आणि तिने मागचं दार लावून घेतलं. पाववाला निळीला हळूच खाली ठेवून भिंत ओलांडून गेला. डॉक्टरिणीने मलमाची डबी मावशींच्या हातात दिली, कसं लावायचं ते दोनदा सांगितलं, आणि चहाला थांबली.

सहाला सून आली तेव्हा मावशी पेरूखाली बसल्या होत्या. त्यांनी तिला सगळं सांगितलं. "तिला वाटलं ग, मी उचलून घेतेय," हे वाक्य त्या तीन-तीनदा म्हणाल्या. सून त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली, कचेरीतल्या कपड्यांनिशी.

निळी चार दिवसांत पळायला लागली. पाववालीची कोंबडी पंधरा दिवसांनी भिंतीवरून आली तेव्हा तिला घ्यायला पाववाली आली, आणि जाताना "मलम लावताय ना?" एवढं विचारून गेली. कुठली कुणाची यावरून पुन्हा भांडण झालं नाही. चुकीची कोंबडी आली तर दोघी गप्प बसायच्या.

महिन्याने टेलर स्वतः मावशींच्या दारात आला. त्याच्या हातात पाच शर्ट होते, पाचही शर्टांची बटणं लोंबत होती, दोन तर नव्हतीच.

"मावशी, गिऱ्हाइकं परत घेऊन आली," तो खाली बघत म्हणाला. त्यालाच लाज वाटत होती. "तीस वर्षांत पहिल्यांदा."

मावशींनी एक शर्ट हातात घेतला. आपली गाठ त्यांनी बोटाने चाचपली, आणि ती आपोआप उकलली.

"ओढवत नाही रे मला," त्या म्हणाल्या. "दोरा घट्ट ओढायला गेलं की हात थांबतो."

टेलरला वाटलं, वयामुळे बोटांतला जोर गेला असेल. तो म्हणाला, "होतं असं, मावशी," आणि शर्ट परत घेऊन गेला.